एकाच्या आकड्यांची सरस्वती

६ ऑक्टोबर १९७७, गुरुवार

सहामाही परीक्षेचा निकाल आज प्रार्थनेनंतर वाचून दाखवण्यात आला. दहावीत मी पहिली आले आणि नर्मदा दुसरी. ‘विशाखा सूर्यभान’ असे नाव पुकारले गेले तेव्हा मी पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होते. ती रेघ मध्येच वाकडी झाली, एवढेच मला आठवते.

आमच्या प्रशालेत असा प्रघात आहे की, सहामाहीत दहावीच्या वर्गात जो पहिला येतो त्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन करायचे. कार्यालयात लाकडी चौकटीची एक मोठी दगडी पाटी आहे. तिच्यावर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. आकडे सुलटे-उलटे, समोरासमोर मांडत गेले की मधोमध देवीची आकृती उभी राहते. पाटी आदल्या संध्याकाळी काढून ठेवायची. सकाळी सगळ्या शाळेसमोर तिला हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहायची, आरती करायची, नमस्कार करायचा. मग बत्तासे वाटतात. पाचवीपासून मी हे शेवटच्या रांगेतून पाहत आले आहे. आमचे घर बौद्ध आहे, म्हणून मी हात जोडत नाही. शेवटच्या रांगेत उभे राहिले की आपले हात कोणी पाहत नाही.

मुख्याध्यापक दिनकरराव सर म्हणाले की, या शाळेत प्रथमच बौद्धवस्तीतील कन्या सरस्वतीची पूजा करील आणि हा दिवस पाहायला आपण या खुर्चीवर आहोत याचा आपल्याला अभिमान वाटतो. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझे आबा, म्हणजे सूर्यभान, या शाळेत शिपाई आहेत. ते फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे होते. त्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे, त्यावर ते टोल देतात. लोखंडी दांडके काखेत धरून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. परंतु घरी आल्यावर आजीला ही गोष्ट मी सांगितली नाही.

८ ऑक्टोबर

आजीला पाणवठ्यावर वस्तीतल्या कडूबाईने सांगितले. आजी, म्हणजे आबांची आई चांगुणाबाई. छप्पन साली तिने आणि आजोबांनी धम्म स्वीकारला आणि दुसऱ्याच दिवशी घरातले देवांचे सगळे टाक टोपल्यात भरून पूर्णेच्या डोहात सोडले. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की टोपले कोणत्या हातात होते हेही मला ठाऊक आहे. आई मी तिसरीत असताना गेली. तेव्हापासून मला वाढवले ते आजीनेच.

जेवताना ती आबांना म्हणाली, “देव बुडवताना माजे हात कापले न्हाईत. आता ह्या पोरीच्या हातानं ते वर काढायचे व्हय?”

आबा म्हणाले, “माय, देव कुठं हाय त्यात? आकडे हायत नुस्ते.”

“मग आकड्यांला नमस्कार कशापायी?”

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात फिरवला. सरांनी आपल्याला नोकरीत कायम केले, त्यांना नाही म्हणायला आपल्याला तोंड नाही, असे ते सावकाश म्हणाले. आबांना लहानपणी वर्गात घेत नसत. त्या लिंबाखाली बसून आतला धडा ऐकत ते चौथी झाले. ‘जिथं बसून शिकलो तिथंच टोल देतो,’ हे वाक्य ते पाहुण्यांना नेहमी हसत सांगतात. आज सांगताना ते हसले नाहीत.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी ताट उचलून बाहेर घासायला नेले.

१२ ऑक्टोबर

नागरिकशास्त्र सर स्वतः शिकवतात. आज मूलभूत हक्कांचा धडा होता. गेल्या वर्षी हाच धडा त्यांनी खिडक्या लावून आणि हळू आवाजात शिकवला होता, असे अकरावीला गेलेल्या मुली सांगतात. यंदा मार्चमधल्या निवडणुकीनंतर सगळे मोठ्याने बोलू लागले आहेत. सरही.

धर्मस्वातंत्र्याविषयी त्यांनी मला विचारले. मी उभी राहून सांगितले की, प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि जी शाळा सर्वस्वी सरकारी खर्चाने चालते तिच्यात धर्माचे शिक्षण देता येत नाही. पाठ केलेले बोलताना मला भीती वाटत नाही. सर म्हणाले, “शाब्बास. शब्द न् शब्द बरोबर.” मला वाटले, आता त्यांच्या लक्षात येईल. माझ्याकडे पाहत ते क्षणभर थांबलेही. मग त्यांनी पान उलटले.

तास संपल्यावर मी टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. काय हवे आहे, असे त्यांनी प्रेमाने विचारले.

“काही नाही, सर,” मी म्हणाले.

१५ ऑक्टोबर

शाळा समितीचे अध्यक्ष बन्सीधरराव आज कार्यालयात आले होते. आमचा वर्ग भिंतीला लागून आहे, त्यामुळे सगळे ऐकू आले. त्यांची नर्मदा माझ्याच बाकावर बसते. ती वहीत डोके घालून बसली होती.

ते म्हणाले, “सर, पोरगी हुशार हाय. तिला बक्षीस द्या, फुलाचा हार घाला, आमची काई हरकत न्हाई. पर देवीला हात कशापायी? गाव काय म्हनल?”

सर म्हणाले, “ही शाळा जिल्हा परिषदेची आहे, बन्सीधरराव. इथे पहिला नंबर ही एकच जात.”

मला रडू आले. माझ्यासाठी आजवर कोणी असे बोलले नव्हते. नंतर ‘बघून घेऊ’ असे काहीतरी ऐकू आले आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दिवसभर मी एकच विचार करीत आहे. पूजा करणार नाही असे मी सांगितले, तर सर या माणसापुढे खोटे पडतील आणि बन्सीधररावांना जे हवे आहे तेच माझ्या तोंडून घडेल. पूजा केली, तर आजीचे टोपले पालथे होईल. मी पहिली आलेच नसते तर बरे झाले असते, असे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

१८ ऑक्टोबर

नर्मदा मला ओढ्याच्या वाटेवर भेटली. माझी अडचण तिने आपणहून ओळखली. ती म्हणाली की, आपल्या वडिलांच्या बोलण्याचे तिला फार वाईट वाटले.

मी तिला सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि हसली.

“आगं, लय सोपं हाय. बाहेरची झाले म्हण. आमच्यात तर त्या दिसांत देवघराच्या उंबऱ्याला बी शिवू देत न्हाईत. कुनी वर तोंड करून इचारनार बी न्हाई.”

असे काही सरांना सांगायला माझी जीभ रेटणार नाही, असे मी म्हटले.

“तुला कुठं बोलायचंय? मी सांगते की. तू नुस्ती मान खाली घाल. ते तर तुला रोजच जमतंय.”

मलाही हसू आले. तिचे म्हणणे सर्व बाजूंनी योग्य होते. आजीचे वचन राहील, सरांचा शब्द राहील, आबांच्या नोकरीला धक्का लागणार नाही आणि कोणाचा अपमान होणार नाही. खोटे न बोलण्याचे चौथे शील मी रोज वंदनेत घेते, ते मात्र मनाला टोचत राहिले. पण बोलणार तर नर्मदा आहे. तिच्यासारखी मैत्रीण मिळाली हे माझे भाग्य. तिला त्यात काय मिळणार आहे? माझ्यामागे दुसरा क्रमांक तिचा, एवढेच.

२० ऑक्टोबर

आज पाटी काढली. काढण्याला पूजा म्हणत नाहीत, ते केवळ अंकलेखन आहे, अशी मी माझी समजूत घातली होती.

खरे ते लिहिते. काढताना मला आनंद झाला. इतकी मोठी पाटी मी कधी हाताळली नव्हती. नवी लेखणी, एकामागून एक येणारे एक, आणि मध्यावर आल्यावर अचानक दिसू लागलेली आकृती. सर मागे उभे राहून पाहत होते. माझा प्रत्येक एक छापल्यासारखा आहे, असे ते म्हणाले.

मग त्यांनी त्या पाटीची कथा सांगितली. ती त्यांच्या वडिलांची. निजामाच्या राजवटीत ते शिक्षक होते. शाळेत उर्दू शिकवावी लागे. एका दसऱ्याला त्यांनी याच पाटीवर अशीच सरस्वती काढली आणि मुलांकडून फुले वाहवली. कोणीतरी अंमलदाराला कळवले. वडिलांची नोकरी गेली आणि ते पुढे हिंगोलीकडे कोणाच्या तरी दुकानात हिशेब लिहीत राहिले. “आपल्या मनातल्या देवतेला उघडपणे नमस्कार करता यावा, एवढेच त्यांना हवे होते,” सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मला त्यांच्या पायावर डोके ठेवावेसे वाटले. त्याच वेळी, मनात नसलेल्या देवतेला उघडपणे नमस्कार न करता यावा, एवढेच मलाही हवे आहे, असे सांगावेसे वाटले. दोन्हींपैकी काहीच केले नाही.

नर्मदा दारात उभी राहून पाहत होती. पाटी फार छान झाली, असे ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिने विचारले, “उद्याचं ठरल्यापरमानं ना?” मी मान हलवली.

२१ ऑक्टोबर

हे लिहून काढले नाही तर मला झोप लागणार नाही.

सकाळी सगळी शाळा पटांगणात होती. बन्सीधरराव पाहुण्यांच्या खुर्चीवर होते. सरांनी माझे नाव घेतले. नर्मदा रांगेतून पुढे गेली आणि सरांच्या कानाशी काहीतरी म्हणाली. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. माझा अंदाज चुकीचा असेल, परंतु गेले काही दिवस त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती त्या क्षणी गेल्यासारखी वाटली. पूजा नर्मदा करील, असे त्यांनी जाहीर केले. सर्व ठरल्याप्रमाणे झाले होते.

तेव्हा बन्सीधररावांनी बसूनच विचारले, “पर सर, पाटी कुनी काढली? काल त्याच पोरीनं ना? मग काल बी असंलच की.”

मागे नववीची मुले हसू लागली. तेव्हा मला कळले की, शाळेतल्या प्रत्येकाला कळले आहे. नर्मदेच्या वडिलांना पाटीचे कोणी सांगितले, हे मला कळलेले नाही. शिक्षकांपैकी कोणी असेल.

सर बन्सीधररावांजवळ गेले. ते म्हणाले, “हा जातीचा प्रश्न नाही, हे मी स्पष्ट करतो. कोणाही मुलीच्या बाबतीत आपण हेच केले असते.” बन्सीधररावांनी मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली. मग सर म्हणाले, “सूर्यभान, पाटी धुऊन घे.”

गोमूत्राचा तांब्या बन्सीधररावांच्या गड्याजवळ तयार होता. इतक्या लवकर तो कोठून आला, देव जाणे. देव जाणे, असे मी लिहिले. ते तसेच राहू देते.

आबांनी पाटी धुतली. माझे सगळे एक पाण्याबरोबर ओघळून गेले. मग त्यांनी टेबल पुसले. मग कोणीतरी कार्यालयातली फरशी दाखवली, जिथे काल मी बसले होते. आबा गुडघ्यांवर बसून ती पुसू लागले. ज्या माणसाला या शाळेत आत येऊ दिले नव्हते तो आपल्या मुलीची जागा शुद्ध करीत होता. मी रांगेत उभी होते. ‘हे खोटे आहे,’ असे मला म्हणायचे होते. तीन शब्दांचे वाक्य.

नर्मदेने घाईघाईने दुसरी सरस्वती काढली. तिचे एक तिरपे येतात. पूजा झाली. बत्तासे वाटताना आमच्या वर्गाच्या बाई मला हलकेच म्हणाल्या की, त्या दिवसांत प्रसाद घेत नाहीत, आणि पुढे गेल्या.

२२ ऑक्टोबर, दसरा

आज वस्तीत ध्वज लावला, वंदना झाली. आबा मागे बसले होते. त्यांनी दोनदा अंघोळ केली तरी हाताला वास येतो, असे त्यांना वाटत होते.

चौथ्या शीलाशी माझा आवाज बंद पडला.

आजीला सगळे कळलेले आहे. ती रागावेल असे मला वाटले होते. घरी आल्यावर तिने मला समोर बसवले. मग म्हणाली,

“देवाला मानत न्हाई म्हनली असतीस तर मार खाल्ला असतास. मी तुला पोटाशी धरलं असतं. पर इटाळ म्हनालीस? बाय, आमी देव न्हवते बुडवले. इटाळ बुडवला व्हता.”

ती नंतर दिवसभर बोलली नाही. मी दिलेला चहा तिने घेतला, हे लिहून ठेवते.

१४ नोव्हेंबर

दिवाळीची सुटी. गणिताचे सगळे प्रश्नसंच सोडवून झाले. उत्तरात एक आला की हात थांबतो.

२८ नोव्हेंबर

शाळा उघडली. मधल्या सुटीत मी सरांकडे गेले. घरून वाक्ये पाठ करून गेले होते, म्हणून बोलू शकले. त्या दिवशी मला अडचण नव्हती, हे मी सांगितले. आमच्या घरात मूर्तिपूजा वर्ज्य आहे, म्हणून मला पूजा करायची नव्हती, हेही सांगितले.

सरांनी उठून दार लावले.

“हे आणखी कोणाला बोलली आहेस?”

मी नाही म्हणाले.

“बोलू नकोस. मी तुझ्यासाठी त्या माणसाशी भांडलो, मुली. सगळ्या गावाशी वैर घेतले. आणि तुला पूजाच करायची नव्हती?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझ्या वडिलांनी जिच्यासाठी नोकरी गमावली, ती गोष्ट मी तुझ्या हातात ठेवली होती.”

मी क्षमा मागितली. कशाची मागितली, हे मला आता घरी बसून सांगता येत नाही. निघताना ते म्हणाले की, गुरुवारी प्रार्थनेत सुविचार सांगण्याचा क्रम माझा आहे. तेव्हा विद्येविषयी काही चांगले सांग म्हणजे सगळे विसरून जातील.

आमच्याकडे रोज प्रार्थनेनंतर दहावीतले कोणीतरी ओट्यावर उभे राहून सुविचार सांगते. आतापर्यंत माझा क्रम आला की मी तो फळ्यावर लिहून देत असे.

१ डिसेंबर

मी ओट्यावर चढले. खाली सगळी शाळा. फाटकापाशी बन्सीधररावांचे दोन गडी उभे होते. ते कशासाठी आले होते, मला ठाऊक नाही. सर माझ्या मागे.

मला दोन वाक्ये सांगायची होती. रात्री आजीसमोर मी ती मनातल्या मनात म्हणून पाहिली होती. मी म्हणाले,

“दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला विटाळ नव्हता.”

हा शब्द मुलांसमोर कोणी मुलगी उच्चारत नाही. मीही आयुष्यात प्रथमच उच्चारला. पटांगण इतके शांत झाले की लिंबावरचे पोपट ऐकू आले. मी श्वास घेतला, आणि दुसरे वाक्य ओठांवर असतानाच टोल पडला. एक नव्हे. एकामागून एक, पुष्कळ, जसे शाळा सुटताना देतात तसे. मुले रांगा मोडून पळाली. माझे ओठ हलत होते, हे मला जाणवत होते. मला स्वतःलाही काही ऐकू आले नाही.

लिंबाखाली आबा होते. ते टोल देत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

५ डिसेंबर

अर्धे वाक्य गावभर झाले. नव्हता, तर मग खोटे का बोलली? देवीची चेष्टा केली. शाळेच्या पाटीची चेष्टा केली. मुलांसमोर असला शब्द बोलली. नर्मदा आता दुसऱ्या बाकावर बसते. तिने मला एवढेच विचारले, “माजं नाव तर घेनार न्हवतीस ना?” ती घाबरली असावी. घेणार नव्हते, असे मी तिला सांगितले. त्याने तिला बरे वाटलेले दिसले.

आबांची बदली झाली. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात. परभणीहून हुकूम इतक्या तातडीने आलेला मी कधी पाहिला नाही.

आज मी आबांना विचारले की, त्यांनी टोल का दिला. ते वहाणेचा अंगठा शिवत होते.

“टाइम झाला व्हता,” ते म्हणाले.

वेळ झाली नव्हती. आम्हा दोघांनाही हे ठाऊक होते. अंगठ्याला आणखी एक टाका घालून ते म्हणाले, “तू पुढं काय बोलनार ते मला म्हाईत व्हतं. फाटकावर मालकाची मानसं व्हती.” सुई टोचली म्हणून त्यांनी बोट तोंडात घातले. “आन् मला भ्या वाटलं, बाय. तुजं की माजं, ते इचारू नको.”

१२ डिसेंबर

आबा सकाळच्या गाडीने गेले. मी आणि आजी त्यांना पोहोचवायला चुडाव्याच्या स्टेशनावर गेलो होतो. परीक्षा होईपर्यंत मी येथेच राहायचे ठरले आहे. गाडी हलली तेव्हा आबांनी काहीतरी सांगितले. मला ऐकू आले नाही, आणि परत विचारण्याइतकी गाडी थांबली नाही.

दुपारी सरांनी मला बोलावले. त्यांनी माझ्या बाबतीत निर्णय घेतला आहे. प्रार्थना आणि सुविचार संपेपर्यंत मी आत यायचे नाही. फाटकाजवळ लिंबाखाली थांबायचे, आणि टोल पडल्यावर वर्गात जायचे. समितीचे म्हणणे मला काढून टाकावे असे होते. सरांनी त्यांना राज्यघटना दाखवली. कोणाही विद्यार्थ्यावर प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हे त्यांना पटवून दिले. “तुला जे हवे होते ते तुला मिळाले आहे,” सर म्हणाले. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. मी आभार मानले.

घरी येऊन आजीला सांगितले. कुठे उभे करणार आहेत, असे तिने विचारले. मी सांगितले. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. ती भिंतीला हात धरून उठली आणि आबा बसायचे त्या पोत्याची घडी करून आत ठेवून आली.

१४ डिसेंबर

लिंबाखाली सावली आहे, आणि आतले सगळे ऐकू येते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. येथे बसून चौथी होता येईल इतके स्पष्ट ऐकू येते.

आबांच्या जागी पिंगळीकडचे नागनाथ म्हणून एक गृहस्थ आले आहेत. तंबाखू मळत असतात, फारसे बोलत नाहीत. माझ्याविषयी गावात त्यांनी काय ऐकले असेल ते असो. आज आत प्रतिज्ञा चालू असताना ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“काय म्हनायलीस, बाय?”

माझे ओठ हलत होते, हे मला कळले नव्हते. रोजच हलत असावेत.

“काही नाही,” मी म्हणाले.

१५ डिसेंबर

आज त्यांनी पुन्हा विचारले. आत सुविचार संपत आला होता. त्यांनी दांडके उचलले होते.

मी सांगितले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला विटाळ नव्हता. पहिले वाक्य झाल्यावर मी सवयीने थांबले आणि रुळाकडे पाहिले. टोल पडला नाही. आत सुविचार संपला, मुले चुळबुळू लागली. नागनाथमामांचा हात वर होता तसाच होता. मग मी दुसरे वाक्य म्हणाले. मी बौद्ध आहे आणि मला पूजा करायची नव्हती. ते मोठ्याने बाहेर पडले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

मग त्यांनी टोल दिला.

सर फाटकापर्यंत आले. आज उशीर का झाला, असे त्यांनी विचारले. नागनाथमामांनी दांडके लिंबाला टेकवून ठेवले.

“आयकायलो व्हतो,” ते म्हणाले.